ख्रिस्ती श्रद्धेचा पाया आणि मंडळीचे जीवन : बौद्ध दृष्टीतून एक परिचय

पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, इंदापूर तालुक्यात, भीमा आणि नीरा यांच्या संगमावर नरसिंहपूर वसले आहे. गावाची ओळख नृसिंहाच्या देवळामुळे आहे. परंतु याच परिसराला लागून असलेल्या दौंड तालुक्यात, पुणे–सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे, पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन उभे आहे. आणि सोलापूर, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या शेजारच्या जिल्ह्यांत ख्रिस्ती मंडळ्या दीडशे वर्षांहून अधिक काळ नांदत आहेत. या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे आणि आपल्या वस्त्यांतील बौद्ध कुटुंबे एकाच पूर्वास्पृश्य समाजातून निघालेली आहेत. काहींनी एकोणिसाव्या शतकात जुना धर्म सोडला, काहींनी १९५६ साली सोडला. मार्ग निराळे झाले, तरी ज्या दुःखातून ते निघाले ते दुःख एकच होते. म्हणून ख्रिस्ती धर्म म्हणजे काय, त्याची श्रद्धा कशावर उभी आहे आणि त्याची मंडळी कशी चालते, हे नीट समजून घेणे बौद्ध वाचकाला परके वाटू नये. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

दुसऱ्याचे मत कसे समजून घ्यावे, याविषयी मज्झिम निकायातील चंकी सुत्तात तथागतांनी एक मोलाचा विवेक सांगितला आहे. ज्याची एखाद्या गोष्टीवर श्रद्धा आहे त्याने ‘माझी अशी श्रद्धा आहे’ एवढेच म्हणावे. ‘हेच सत्य, बाकी सर्व मिथ्या’ असा निष्कर्ष काढू नये. यालाच तेथे सत्याचे रक्षण, ‘सच्चानुरक्खणा’, म्हटले आहे. हाच दंडक आम्ही येथे पाळणार आहोत. प्रथम ख्रिस्ती मनुष्य आपली श्रद्धा कशी सांगतो ते पाहू. भेद आणि साम्य त्यानंतर.

श्रद्धेचा पाया

ख्रिस्ती श्रद्धेचा आरंभ एका ऐतिहासिक व्यक्तीपासून होतो. नासरेथचा येशू हा पहिल्या शतकातील ज्यू समाजात वाढलेला उपदेशक. रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या कारकिर्दीत, इसवी सनाच्या ३० सालाच्या सुमारास, त्याला वधस्तंभावर देण्यात आले. त्याच्या अनुयायांची श्रद्धा अशी की, तो तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला. या पुनरुत्थानावर ख्रिस्ती धर्माची सर्व इमारत उभी आहे. नाताळ हा सण आपल्या अधिक परिचयाचा असला, तरी ख्रिस्ती वर्षाचे केंद्र शुभ शुक्रवार आणि ईस्टर हे आहे, हे ध्यानात घ्यावे.

या श्रद्धेची चार अंगे सांगता येतात. पहिले, ईश्वर एक असून तो जगाचा निर्माता आहे. दुसरे, मनुष्य पापात पडलेला आहे आणि स्वतःच्या बळावर त्यातून निघू शकत नाही. तिसरे, येशू हा ईश्वराचा पुत्र. त्याच्या मरणाने मनुष्याच्या पापाची क्षमा झाली. यालाच मराठी ख्रिस्ती ‘तारण’ म्हणतात. चौथे, पवित्र आत्म्याच्या द्वारे ईश्वर आजही आपल्या लोकांमध्ये कार्य करतो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिन्ही मिळून एकच ईश्वर, हा त्रैक्याचा सिद्धांत होय. तो एका दिवसात ठरला नाही. ३२५ साली नायसिया येथे आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या धर्मपरिषदांत वादविवाद होऊन त्याची शब्दरचना निश्चित झाली. आपल्याकडे धम्म-विनयाच्या संरक्षणासाठी संगीती भरल्या. तेथे श्रद्धेची व्याख्या ठरविण्यासाठी परिषदा भरल्या. हा फरक लहान नाही.

ख्रिस्ती धर्मग्रंथ म्हणजे बायबल. त्याचे जुना करार आणि नवा करार असे दोन भाग आहेत. प्रॉटेस्टंट परंपरेत त्यात ३९ आणि २७ अशी एकूण ६६ पुस्तके आहेत. कॅथलिक परंपरेत ७३ आहेत. येशूचे चरित्र चार शुभवर्तमानांत येते. येशूची बोली अरामी होती, परंतु शुभवर्तमाने ग्रीक भाषेत लिहिली गेली. म्हणजे जन्मापासूनच हा धर्म भाषांतरातून पसरला.

भाषेचा प्रश्न

पाली वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे चुल्लवग्गातील एक प्रसंग आठवल्याखेरीज राहत नाही. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस् भाषेत घालण्याची अनुज्ञा मागितली. तथागतांनी त्यांना दोष दिला आणि बुद्धवचन ‘सकाय निरुत्तिया’ शिकण्याची अनुज्ञा दिली. या शब्दांच्या अर्थाविषयी परंपरेत मतभेद आहेत. तथापि प्रतिष्ठितांच्या भाषेत धम्म बंदिस्त होऊ नये, हा आशय स्पष्ट आहे.

मराठी ख्रिस्ती परंपरेने हाच प्रश्न आपल्या परीने सोडविला. जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. विल्यम कॅरी यांच्या सेरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार निघाला. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरास काम केले. त्याचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली सुरू झाले. पुढे नारायण वामन टिळक यांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर, भजन आणि कीर्तन ही मराठी रूपे उपासनेत रुजविली.

या सर्वांत रमाबाईंचे काम आम्हांस विशेष विचारणीय वाटते. संस्कृतच्या पांडित्यासाठी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळालेल्या या विदुषीने १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, आणि १८९६–९७ च्या दुष्काळात उपासमारीने गांजलेल्या स्त्रिया व मुली केडगावी आणून वसविल्या. तेथे शेती, विणकाम आणि छापखाना स्त्रियांनीच चालविला. त्याच रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले आणि १९२२ साली मृत्यू येण्यापूर्वी ते हातावेगळे केले. संस्कृतप्रचुर शब्द त्यांनी जाणीवपूर्वक टाळले. खेड्यातील अल्पशिक्षित बाईला ते कळावे ही त्यांची कसोटी होती. संस्कृतच्या पंडितेने संस्कृत बाजूला ठेवावे, यातच त्या भाषेच्या सामाजिक इतिहासाचा निवाडा आहे.

रमाबाई ख्रिस्ती झाल्या म्हणून त्यांनी विचार गहाण ठेवला असे नाही. त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर त्यांनी आपल्या अँग्लिकन गुरुभगिनींशी पत्रांतून वाद घातला आणि धर्माधिकाऱ्यांची सत्ता निमूटपणे मानण्यास नकार दिला. ब्राह्मणी वर्तमानपत्रे त्यांच्यावर तुटून पडली, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

मंडळीचे जीवन

‘चर्च’ या शब्दाने आपण बहुधा इमारत समजतो. ख्रिस्ती मनुष्य मात्र त्याने प्रथम माणसांचा समुदाय समजतो. म्हणूनच मराठीत त्याला ‘मंडळी’ हा समर्पक शब्द रूढ झाला. मंडळीत प्रवेश बाप्तिस्म्याने होतो. प्रभुभोजनात भाकरी आणि द्राक्षारस यांच्या द्वारे येशूच्या मरणाचे स्मरण केले जाते. कॅथलिक परंपरा असे सात संस्कार मानते. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या हे दोनच मानतात. रविवारी उपासना भरते. तिच्यात प्रार्थना, गीते, शास्त्रवाचन, पाळकांचा उपदेश, दानार्पण आणि शेवटी आशीर्वाद असा क्रम असतो. मंडळीचा व्यवहार पाहण्यासाठी निवडलेली समिती असते. बालकांसाठी रविवारची शाळा, स्त्रियांची आणि तरुणांची स्वतंत्र मंडळे असतात. आजारी माणसाच्या घरी जाणे, विवाह लावणे, अंत्यविधी करणे ही पाळकांची नित्याची कामे होत.

संप्रदायभेद ख्रिस्ती धर्मात पुष्कळ आहेत. परंतु ते मिटविण्याचे प्रयत्नही झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा निरनिराळ्या प्रॉटेस्टंट परंपरा एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही मंडळी स्थापन झाली. ही स्थापना नागपुरात झाली. ज्या नगरीत आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी एक झालो, त्याच नगरीत चौदा वर्षांनी तेही एक झाले. आपल्यातील संस्था आणि गट यांची वाढती संख्या पाहता, हा योगायोग नुसते कौतुक करून सोडून देण्याजोगा नाही.

बाबासाहेबांचे परीक्षण

१३ ऑक्टोबर १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती धर्माचा विचार गांभीर्याने केला. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना, बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तींनी आपले मन वेधले असल्याचे त्यांनी सांगितले. त्याच भाषणात, अस्पृश्याला ख्रिस्ती केले की आपले काम संपले असे मिशनरी समजतात आणि त्याच्या राजकीय हक्कांकडे पाहत नाहीत, हा दोषही त्यांनी दाखविला.

ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीविषयी त्यांनी जे लिहिले ते त्यांच्या पश्चात प्रकाशित झाले. त्यात मिशनांनी उभारलेल्या शाळा आणि रुग्णालये यांचे श्रेय त्यांनी नाकारलेले नाही. त्यांचा आक्षेप दोन गोष्टींवर आहे. धर्मांतरानंतरही मंडळीत जात टिकली, हा पहिला. दुसरा अधिक मूलगामी आहे. मनुष्याच्या अधःपाताचे कारण त्याचे मूळ पाप आहे असे शिकविले, की पीडित मनुष्य आपल्या दुःखाचे कारण समाजव्यवस्थेत शोधण्याऐवजी स्वतःच्या पापात शोधू लागतो. मग ती व्यवस्था बदलण्याची प्रेरणाच मंदावते.

जातीचा हा प्रश्न आजही मिटलेला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती दलित त्याबाहेर राहिले. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी २०२२ मध्ये केंद्र सरकारने न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला. ज्यांनी १९९० पर्यंत हाच अन्याय सोसला, त्या आपण ख्रिस्ती दलितांच्या मागणीकडे तटस्थपणे पाहावे हे शोभणारे नाही.

भेद कोठे, शिकण्याजोगे काय

मूलभूत भेद स्पष्ट आहेत. अंगुत्तर निकायातील तित्थायतन सुत्तात, सर्व सुखदुःख ईश्वरनिर्मित मानले तर कर्तव्य आणि अकर्तव्य यांचा विचारच लोप पावतो, असा युक्तिवाद तथागतांनी केला आहे. धम्मात निर्माता नाही, शाश्वत आत्मा नाही; अकुशल आहे, परंतु त्याची क्षमा करणारा दुसरा कोणी नाही. १९५० साली ‘महाबोधी’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात बाबासाहेबांनी हा भेद नेमका सांगितला : येशूने स्वतःस ईश्वराचा पुत्र म्हटले, बुद्ध केवळ मार्गदाता राहिले, मोक्षदाता झाले नाहीत. त्रिशरण हे म्हणूनच बाप्तिस्म्यासारखे नाही. शरण जाणाऱ्याला चालावे स्वतःलाच लागते. आपल्यापैकी कोणी तथागतांना किंवा बाबासाहेबांना नवस बोलू लागला, तर तो ख्रिस्तीही नव्हे आणि बौद्धही नव्हे, एवढे त्याला समजावून सांगणे आपले काम आहे.

परंतु त्याच लेखात बाबासाहेबांनी ख्रिस्ती मंडळीकडे बोट दाखवून आपल्या उणिवाही सांगितल्या. बौद्धांना बायबलसारखा एक सुटसुटीत ग्रंथ हवा. भिक्खूसंघाचे स्वरूप बदलून तो सेवाभावी व्हावा. आणि धम्मप्रसारासाठी जागतिक संघटना उभी राहावी, या त्यांच्या तीन अपेक्षा होत्या. पहिली त्यांनी स्वतः पुरी केली. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ साली प्रसिद्ध झाला. उरलेल्या दोन आपल्याकडे सोपविल्या गेल्या.

त्या पुऱ्या करण्याचा आरंभ गावच्या विहारापासूनच होऊ शकतो. ज्या विहाराचे दार बुद्धपौर्णिमा आणि १४ एप्रिल या दोनच दिवशी उघडते, तेथे मंडळी तयार होत नाही. आठवड्यातून एकदा सर्वांनी जमावे, वंदनेनंतर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातील एक प्रकरण वाचून त्यावर चर्चा करावी, मुलांसाठी वेगळा वर्ग असावा, वर्गणीचा हिशेब सर्वांपुढे मांडला जावा, आणि वस्तीत कोणी आजारी असेल तर दोघांनी त्याच्या घरी जाऊन यावे. आजारी भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी स्वतः केली, हे विनयात नमूद आहे. म्हणजे हे उसने घेणे नव्हे, विसरलेले आठवणे आहे.

निगंठांचा उपासक उपाली तथागतांना शरण आला, तेव्हा निगंठांना तू पूर्वीपासून देत आलेली भिक्षा बंद करू नकोस, असे तथागतांनी त्याला सांगितले. अशोकाने आपल्या बाराव्या शिलालेखात इतरांच्या पंथांचा आदर करण्यास सांगितले, तेही याच परंपरेत. आपल्या शेजारच्या ख्रिस्ती घराशी आपला व्यवहार असाच असावा : सिद्धांतात स्पष्ट, वागण्यात मैत्रीपूर्ण, आणि जातीविरुद्धच्या लढ्यात बरोबरीने उभा.