टाकी बदलण्याआधी पंप बघा!

रविवारी सकाळी आजोबांची प्रीमियर पद्मिनी बाहेर काढायला जावं, सेल्फ मारावा आणि आतून नुसतं ‘टक्’ ऐकू यावं. मग सोसायटीतली पोरं गोळा करून धक्का. असं चौथ्यांदा झालं की घरात विषय निघतोच, ‘विकून टाका ना ती आता!’ तुमच्याकडे हे सुरू असेल, तर गिऱ्हाईक शोधण्याआधी अर्धा तास काढा आणि एक डिजिटल मल्टिमीटर मिळवा. साधा तीन-चारशे रुपयांचाही चालतो. इंजिनिअरिंगला असाल तर तो कपाटात पडलेलाच असेल.

पहिला संशय नेहमी बॅटरीवर जातो. नवीन बॅटरी टाकतात, आठ दिवस गाडी मस्त चालते आणि पुन्हा ‘टक्’. बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी आणि अल्टरनेटर म्हणजे तिच्यात पाणी चढवणारा पंप. पंपच बंद असेल तर टाकी बदलून काय होणार?

आधी गाडीत अल्टरनेटर आहे ना, हे बघा. १९६०मध्ये क्रायसलरने व्हॅलियंट गाडीत तो सरसकट द्यायला सुरुवात केली. त्याआधी बहुतेक गाड्यांमध्ये डायनॅमोच असायचा आणि आपल्याकडच्या जुन्या फियाटमध्येही तोच होता. लांबट नळकांडं दिसलं तर डायनॅमो, आखूड-जाडसर आणि खाचा असलेलं दिसलं तर अल्टरनेटर. डायनॅमो असेल तर इंजिन मंद चालताना चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकणं हा बिघाड नाही, तो त्याचा स्वभाव आहे. पुढचे आकडे बारा व्होल्टच्या, अल्टरनेटरवाल्या गाडीचे आहेत.

इंजिन बंद असताना फॅनबेल्ट अंगठ्याने दाबा. साधारण अर्धा इंच दबला तर ठीक. त्याहून ढिला असेल तर तो घसरतोय. पद्मिनीत हाच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो, त्यामुळे चार्जिंगबरोबर गाडी गरम होत असेल तर गुन्हेगार सापडलाच म्हणून समजा.

आता मीटर. डीसी व्होल्टच्या २० वर ठेवा. लाल वायर ‘१० ए’च्या भोकात नाही ना, हे दोनदा बघा, नाहीतर बॅटरी थेट शॉर्ट होईल. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मीटर लावा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. मग गाडी न्यूट्रलमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, ओढणी आणि मोकळे केस पंख्यापासून लांब ठेवा आणि इंजिन सुरू करा. कुणाला तरी एक्सलरेटर थोडा दाबून धरायला सांगा. आकडा १३.८ ते १४.४च्या आसपास गेला पाहिजे. तो १२.४वरून हलतच नसेल तर चार्जिंग होत नाहीये. १५च्या वर गेला तर उलटं दुखणं: रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरीतलं पाणी उकळून संपतंय.

तिसरी तपासणी बरेच जण विसरतात. हेडलाइट, वायपर, पंखा सगळं लावा. इंजिन मंद असताना आकडा थोडा घसरेल, पण एक्सलरेटर दाबल्यावर १३च्या बराच वर टिकायला हवा. इथे मान टाकली, तर ही गाडी पावसात रात्री घाटात दगा देणार.

आकडा कमी आला म्हणून लगेच अल्टरनेटर उतरवू नका. गाडी चालू ठेवून, दिवे लावलेलेच असताना, मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या जाड वायरच्या नटवर आणि दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्हवर धरा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला तर अल्टरनेटर बिचारा काम करतोय, वाटेतली वायर किंवा गंजलेला जोड वीज खातोय. पॉलिश पेपर आणि दहा मिनिटं पुरतात. आणि तो लाल दिवा? चावी फिरवल्यावर तो लागतच नसेल तर खुश होऊ नका. अनेक जुन्या अल्टरनेटरना जागं करणारा सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच येतो. बल्ब गेला तर चार्जिंगही सुरू होत नाही.

आता मुद्दा गॅरेजचा. मुंबईत पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी २००३मध्ये नोंदवली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३च्या ऑक्टोबरमध्ये ती रस्त्यावरून गेली, पण त्या गाड्यांवर हात बसलेले मेकॅनिक आजही भेटतात. त्यातला एखादा चालू गाडीच्या बॅटरीचं टर्मिनल काढतो आणि म्हणतो, ‘बघ, बंद पडली नाही, म्हणजे चार्जिंग ओके.’ डायनॅमोच्या जमान्यात हे खपून जायचं. अल्टरनेटरवर मात्र बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणात कित्येक पटींनी उसळतं आणि आतले डायोड, रेग्युलेटर, शिवाय तुम्ही हौसेने बसवलेली म्युझिक सिस्टीमही उडू शकते. म्हणजे धडधाकट अल्टरनेटर तपासण्याच्या नादातच मरतो. वय, अनुभव बघून तुम्हाला बोलायला संकोच वाटेल. तरी हात टर्मिनलकडे जाण्याआधी म्हणा, ‘काका, थांबा ना, मी मीटर आणलाय.’ बहुतेक काका कुतूहलाने बघायला वाकतात.

तिन्ही आकडे कागदावर लिहून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. पुष्कळदा आतले कार्बन झिजलेले निघतात आणि ते स्वस्तात बदलतात. दुरुस्तीनंतर उतरलेली बॅटरी आधी रात्रभर चार्जरवर लावा. रिकामी टाकी एका दमात भरायला लावली तर जुना अल्टरनेटर तापतो.