विमानाच्या तिकिटातली औषधं

पॅरिसहून सुटणाऱ्या विमानाचं तिकीट काढलं, की भाड्याखाली करांची लांबलचक यादी दिसते. त्यातली एक रक्कम 1 जुलै 2006 पासून गरीब देशांतल्या रुग्णांच्या औषधांसाठी म्हणून घेतली जाऊ लागली. सुरुवातीला युरोपातल्या प्रवासावर साध्या वर्गाला 1 युरो, युरोपाबाहेर 4 युरो. बिझनेस क्लासला त्याच्या दहापट. यातला मोठा हिस्सा युनिटएड या जिनिव्हातल्या संस्थेकडे जाऊ लागला. फ्रान्स, ब्राझील, चिली, नॉर्वे आणि ब्रिटन यांनी ती त्याच वर्षी उभी केली.

हा ‘संयुक्त राष्ट्रसंघाचा जागतिक कर’ आहे, असं बिनदिक्कत सांगितलं जातं. पण राष्ट्रसंघाला कुणाच्या खिशात हात घालायचा अधिकारच नाही. फ्रान्समध्ये हा कर आहे तो तिथल्या संसदेने कायदा केला म्हणून. चिली, दक्षिण कोरिया, मॉरिशस, कॅमेरून यांनीही आपापल्या कायद्याने तो लावला. पर्यटन बुडेल, अशी ओरड विमान कंपन्यांनी तेव्हा बरीच केली होती. 2024 मध्ये फ्रान्सला सुमारे 10 कोटी परदेशी पाहुण्यांनी भेट दिली.

मात्र तिकिटातली पै न् पै औषधांवर जाते, हाही भाबडेपणाच. मार्च 2025 मध्ये फ्रान्सने साध्या वर्गाचा युरोपातला कर 2.63 युरोवरून 7.40 वर नेला, तो स्वतःच्या अर्थसंकल्पातलं भगदाड बुजवायला. अर्थमंत्री कुठलाही असो, हातात आलेला कर एका कामाला बांधून ठेवणं त्याच्या जिवावर येतं.

मग औषधांचं काय झालं? श्रीमंत देशांतल्या कंपन्या औषधं बनवतात आणि गरिबांना वाटतात, अशी एक समजूत आहे. 2001 मध्ये एचआयव्हीच्या औषधांचा वर्षाचा खर्च माणशी दहा हजार डॉलरच्या वर होता. त्या वर्षी मुंबईच्या सिप्लाने तेच मिश्रण 350 डॉलरला देऊ केलं आणि बाजाराचं गणितच फिरलं. लहान मुलं तरीही मागेच राहिली, कारण श्रीमंत देशांत एचआयव्ही घेऊन जन्मणारी मुलं थोडी आणि थोड्या गिऱ्हाइकांसाठी कोण औषध बनवणार? आफ्रिकेतल्या आया मुलांना एक कडूजहर सिरप पाजत. त्यात 40 टक्क्यांहून अधिक अल्कोहोल, आणि बाटली ठेवायला फ्रिज हवा. वीजच नाही त्या घरात फ्रिज कुठला! 2020 मध्ये युनिटएड आणि क्लिंटन हेल्थ अ‍ॅक्सेस इनिशिएटिव्ह या संस्थेने व्हिअ‍ॅट्रिस आणि मुंबईची मॅक्लिओड्स या औषध कंपन्यांशी करार केला. पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची डोलुटेग्रॅव्हिर या एचआयव्हीच्या औषधाची गोळी आली आणि एका मुलाच्या उपचाराचा वर्षाचा खर्च 480 डॉलरवरून 120 च्या खाली आला. याला दान कसं म्हणायचं? खात्रीचा खरेदीदार उभा करून भाव पाडणं हा चोख व्यवहार आहे.

जागतिक आरोग्य संघटना गडगंज आहे, असंही अनेकांना वाटतं. तिच्या 2026-27 या दोन वर्षांच्या मूळ कार्यक्रमांचं अंदाजपत्रक 4.2 अब्ज डॉलर, म्हणजे सुमारे 36 हजार कोटी रुपये. मुंबई महापालिकेचं 2025-26 चं एका वर्षाचं अंदाजपत्रक 74 हजार कोटींच्या पुढे होतं. आणि संघटनेकडच्या पैशातला मोठा हिस्सा देणगीदाराने सांगितलेल्या कामालाच वापरावा लागतो. ‘महासाथ करारामुळे ही संघटना देशांवर टाळेबंदी लादणार’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप तर सरळ खोटा आहे. मे 2025 मध्ये मंजूर झालेल्या त्या कराराच्या मजकुरातच लिहिलंय, की टाळेबंदी, लससक्ती किंवा प्रवासबंदी लादण्याचा अधिकार संघटनेला मिळत नाही.

सगळ्यांत जुना गैरसमज असा, की आफ्रिका परक्यांच्या मदतीवर जगते. संयुक्त राष्ट्रांच्याच व्यापार आणि विकास परिषदेने 2020 मध्ये हिशेब मांडला: बेकायदा मार्गाने आफ्रिकेतून दरवर्षी 88.6 अब्ज डॉलर बाहेर जातात. मदत आणि परकी गुंतवणूक मिळून जवळपास तेवढंच आत येतं. बाहेर जाणाऱ्या पैशाचा एक रस्ता खाणीतल्या मालाचा भाव निर्यातीच्या कागदावर कमी दाखवण्याचा. माल तोच, जहाज तेच, नफा मात्र भलत्याच देशात उगवतो. बड्या कंपन्यांवर किमान 15 टक्के कराचा 2021 चा करार या दुखण्यावर उतारा म्हणून गाजला. जून 2025 मध्ये अमेरिकी कंपन्यांना त्याच्या मुख्य तरतुदींतून वगळायला जी-सेव्हन देशांनी मान डोलावली. आफ्रिकी देशांनी राष्ट्रसंघात करांविषयीच्या स्वतंत्र कराराचा आग्रह धरला आहे. डिसेंबर 2024 मध्ये त्याच्या आराखड्याच्या बाजूने 119 मतं पडली, विरोधात 9.

2025 च्या उन्हाळ्यात स्पेनमधल्या सेव्हिल इथे विकासनिधीची परिषद भरली. फ्रान्स, स्पेन, केनिया, बार्बाडोस यांच्यासह आठ देशांनी तिथे बिझनेस क्लासच्या आणि खासगी जेटच्या प्रवाशांवर कर लावण्यासाठी आघाडी उघडली. त्या आठांत भारत नव्हता. अमेरिका तर परिषदेलाच फिरकली नाही.