माशाचा डोळा दुधाळ का होतो?

मे महिन्यात अकोला-अमरावतीकडे पारा ४४-४५ अंशांवर चढतो. अशाच दिवसांत एखाद्या सकाळी काचपेटीतील गोल्डफिशचा डोळा दुधाळ दिसतो, नाहीतर खोबणीतून पुढे आलेला दिसतो. आपण घाबरून औषधाची बाटली आणायला धावतो. पण मित्रांनो, आधी पाण्याकडे पाहा.

गोल्डफिशला पापण्या नसतात. त्याचे पारपटल सदैव पाण्यात उघडे असते. त्यावर असतो तो फक्त बुळबुळीत श्लेष्म्याचा पातळ थर. म्हणून पाणी बिघडले की डोळ्याला त्याची झळ लवकर लागते.

पाणी बिघडते कसे? मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य कुजूनही तो तयार होतो. पाणी तापले की तो अधिक विषारी ठरतो. शिवाय २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३५ अंशांना सुमारे ७ मिलिग्रॅमच.

एकच डोळा बिघडला असेल, तर बहुधा दगडाचा किंवा दुसऱ्या माशाचा मार लागलेला असतो. दोन्ही बिघडले, तर पाण्याचा दोष किंवा शरीरातील रोग संभवतो. दोन्ही वेळी टोकदार दगड काढा, खाद्य कमी करा आणि काही दिवस रोज चौथा हिस्सा पाणी बदला. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उडून जावा म्हणून ते आदल्या रात्री उघड्या बादलीत भरून ठेवा. उतार पडला नाही, तर पशुवैद्याला विचारा. प्रतिजैविके मनाने घालू नका. पाणी शुद्ध राखणारे उपयुक्त जीवाणूही त्यांनी मरतात.

लिटरला एक ग्रॅम मीठ घालण्याचा उपाय पुष्कळ जण सांगतात. त्याने जखमी माशाच्या शरीरात शिरणारे पाणी थोडे कमी होते. पण दर्यापूरसारख्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी मुळातच खारे! तेथे मीठ घालण्यापूर्वी विचार हवा. उन्हाळ्यात आटलेल्या पेटीत नुसती भर घालत राहिल्यानेही क्षार वाढत जातात, कारण वाफ उडते ती निव्वळ पाण्याची.

हे स्वतः पडताळून पाहा. दोन सारख्या बश्यांत नळाचे आणि विहिरीचे पाणी समप्रमाणात घेऊन उन्हात ठेवा. पाणी आटल्यावर कोणत्या बशीत पांढरा थर जाड उरतो?