‘झीरो शुगर’ प्यायलं म्हणजे वजन कमी होतं का? समजून घ्या कृत्रिम गोडव्याचं खरं गणित

इन्स्टावर फिटनेसचे दोन-चार रील पाहिले की पुढचे आठ दिवस फीडमध्ये तेच दिसत राहतं. डाएट कोल्ड्रिंक, शुगर फ्री प्रोटीन बार, ‘झीरो कॅलरी’ स्वीटनर. पूर्वी हे सामान मोठ्या शहरातल्या मॉलमध्येच मिळायचं. आता मारेगावात बसून मोबाईलवरून ऑर्डर केलं तरी पार्सल घरी येतं आणि झीरो शुगरची बाटली पानठेल्यावरच्या फ्रीजमध्येही दिसते.

प्रश्न एकच आहे. साखरेच्या जागी हे घेतलं तर वजन खरंच कमी होतं का? उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ इतकं सरळ नाही, पण समजायला अवघडही नाही. चला तर मग, एकेक गोष्ट पाहूया.

कृत्रिम स्वीटनर म्हणजे नेमकं काय?

आपल्या जिभेवर गोड चव ओळखणारे रिसेप्टर असतात. साखरेचा कण त्यांना चिकटला की मेंदूला ‘गोड’ असा सिग्नल जातो. काही रसायनं याच रिसेप्टरला साखरेपेक्षा कितीतरी पटींनी घट्ट चिकटतात. त्यामुळे चिमूटभरापेक्षाही कमी घेतलं तरी तेवढाच गोडवा लागतो.

- अ‍ॅस्पार्टेम: साखरेपेक्षा साधारण २०० पट गोड
- अ‍ॅसेसल्फेम पोटॅशियम: साधारण २०० पट
- सॅकरीन: ३०० ते ४०० पट
- सुक्रालोज: साधारण ६०० पट
- स्टीव्हिया (हे वनस्पतीच्या पानांपासून मिळतं): २०० ते ३०० पट

३०० मिलीच्या साध्या कोल्यात साधारण ३० ते ३२ ग्रॅम साखर असते. म्हणजे सहा-सात चमचे साखर आणि जवळपास १२५ कॅलरी. तेवढाच गोडवा आणायला स्वीटनर एक ग्रॅमपेक्षाही खूप कमी पुरतं. म्हणून बाटलीवर ‘० कॅलरी’ लिहिलेलं असतं आणि ते खोटं नसतं.

सुक्रालोजचा शोध आणि एक फडणीस

ही गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. सुक्रालोज सापडलं १९७६ मध्ये, लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजमध्ये. तिथे प्राध्यापक लेस्ली हफ यांच्याकडे शशिकांत फडणीस संशोधन करत होते. साखरेच्या रेणूला क्लोरीन जोडून वेगवेगळी संयुगं बनवण्याचं काम चाललं होतं. किस्सा असा सांगितला जातो की, फडणीसांना एक पावडर ‘टेस्ट’ करायला, म्हणजे तपासायला सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं ‘टेस्ट’ म्हणजे चव घे! त्यांनी जिभेवर ठेवली आणि ती भयंकर गोड निघाली. आज जगभरातल्या अनेक शुगर फ्री पदार्थांत हेच सुक्रालोज असतं. (प्रयोगशाळेतली पावडर चाखणं हा मात्र अजिबात करू नये असा प्रकार आहे.)

प्रयोगात काय दिसलं?

नेदरलँड्समध्ये एक चांगला प्रयोग झाला. त्याचा निकाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६४१ शाळकरी मुलं होती. अर्ध्या मुलांना रोज २५० मिली साखरेचं पेय दिलं, तर उरलेल्यांना तसंच दिसणारं, तसंच लागणारं, पण स्वीटनरचं. हे दीड वर्ष चाललं. वाढत्या वयामुळे वजन सगळ्यांचंच वाढणार होतं. साखरवाल्या मुलांचं ते सरासरी ७.३७ किलोने वाढलं, स्वीटनरवाल्यांचं ६.३५ किलोने. म्हणजे साधारण एक किलोचा फरक.

मग विषय संपला? नाही. इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. कोणाच्या डब्यात साखर आहे आणि कोणाच्या डब्यात नाही, हे मुलांना माहीतच नव्हतं. तुम्ही-आम्ही बाटली उचलतो तेव्हा त्यावरचं मोठ्ठं ‘झीरो’ वाचूनच उचलतो.

माहीत असलं की काय होतं?

समजा दोन मित्र संध्याकाळी बसस्टँडकडे चक्कर मारायला गेले. एकाने झीरो शुगर घेतलं, १२५ कॅलरी वाचल्या. मग डोक्यात हिशोब सुरू होतो: ‘आज कोल्ड्रिंकमध्ये काहीच नाही, तर एक आलूबोंडा चालतो.’ एका आलूबोंड्यात आकार आणि तेलाप्रमाणे दीडशे-दोनशे कॅलरी सहज असतात. म्हणजे वाचवलं त्यापेक्षा जास्त खर्च झालं! आणि समोसा घेतला तर विचारूच नका.

कॅलरी मोजणारं अ‍ॅप वापरणाऱ्यांचंही असंच होतं. अ‍ॅपमध्ये पेयासमोर शून्य दिसतं आणि ‘आज अजून इतक्या कॅलरी शिल्लक आहेत’ असा आकडा येतो. तो आकडा म्हणजे जणू खायची परवानगीच वाटते. आपण बाटलीतलं शून्य मोजतो, पण वजन ठरतं अख्ख्या दिवसाच्या बेरजेवर.

डब्ल्यूएचओ ‘नको’ का म्हणते?

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला दिला की, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्वीटनर वापरू नका. त्याआधी २८३ अभ्यास तपासले गेले. त्यांत दोन प्रकारचे निष्कर्ष निघाले:

१. थोड्या महिन्यांच्या प्रयोगांत स्वीटनर घेणाऱ्यांचं वजन थोडं कमी दिसलं, सरासरी पाऊण किलोच्या आसपास.

२. लोकांवर अनेक वर्षं लक्ष ठेवणाऱ्या पाहणीत उलटं दिसलं. स्वीटनर जास्त घेणाऱ्यांमध्ये लठ्ठपणा आणि टाइप २ डायबिटीसचं प्रमाण जास्त होतं.

दुसरा मुद्दा वाचून घाबरू नका, कारण इथे एक मेख आहे. दवाखान्यात आजारी माणसं जास्त दिसतात, म्हणून दवाखान्यामुळे आजार होतो असं आपण म्हणत नाही ना? तसंच, ज्यांचं वजन आधीच वाढायला लागलंय तेच लोक डाएट पेयांकडे वळतात. त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे अशा पाहणीतून पक्कं सांगता येत नाही. हे डब्ल्यूएचओलाही मान्य आहे, म्हणूनच त्यांनी या सल्ल्याला ‘सशर्त’ म्हटलंय.

मतलब काय? स्वीटनरने वजन वाढतंच असं सिद्ध झालेलं नाही. पण वर्षानुवर्षं वजन कमी ठेवण्यात त्याचा उपयोग होतो, हेही सिद्ध झालेलं नाही.

घरात कोणाला ‘शुगर’ असेल तर?

हा मुद्दा नीट वाचा, कारण चुकीचा फॉरवर्ड इथेच नुकसान करतो. डब्ल्यूएचओचा तो सल्ला ज्यांना आधीच डायबिटीस आहे त्यांच्यासाठी नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना डायबिटीस आहे. म्हणजे तुमच्या-आमच्या घरातले आजोबा, काका, आई यांचाच हा विषय आहे.

चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने टाइप २ डायबिटीस असलेल्या १७९ भारतीयांवर १२ आठवड्यांचा प्रयोग केला. चहा-कॉफीतली साखर काढून थोडं सुक्रालोज दिलं. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीएवनसी तपासणीत खास फरक पडला नाही. म्हणजे बिघाडही झाला नाही. वजन सरासरी फक्त ३०० ग्रॅमच्या आसपास कमी झालं. फायदा आहे, पण छोटा.

म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज वाचून आजोबांची गोळी बंद करू नका आणि परत साखरेचा चहाही सुरू करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

कॅन्सरचं काय?

जुलै २०२३ मध्ये अ‍ॅस्पार्टेमला ‘कॅन्सरची शक्यता’ असलेल्या २बी गटात टाकलं गेलं आणि हेडलाइन धडाधड फिरल्या. या गटाचा अर्थ इतकाच की पुरावा मर्यादित आहे. कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्कही याच गटात आहे. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने अ‍ॅस्पार्टेमची रोजची मर्यादा पूर्वीचीच ठेवली: दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला ९ ते १४ कॅनपेक्षा जास्त प्यावे लागतील.

मात्र फेनिलकीटोन्युरिया हा दुर्मिळ जन्मजात आजार असलेल्यांनी अ‍ॅस्पार्टेम टाळायलाच हवं. पाकिटावर तशी सूचना असते.

मोबाईल काढा आणि लेबल वाचा

पाकिटाची पुढची बाजू जाहिरातीसाठी असते, खरी माहिती मागच्या बाजूला असते. अक्षरं बारीक असतील तर फोटो काढून झूम करा. इंग्रजी अडत असेल तर गुगल लेन्सने मराठीत पाहा. मग हे शोधा:

- आयएनएस नंबर: ९५० म्हणजे अ‍ॅसेसल्फेम पोटॅशियम, ९५१ अ‍ॅस्पार्टेम, ९५४ सॅकरीन, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया.
- ‘शुगर फ्री’: एफएसएसएआयच्या नियमानुसार १०० ग्रॅममध्ये ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर नको. पण मैदा, तेल, तूप किती, यावर हा शब्द काहीच बोलत नाही! शुगर फ्री बिस्किटाच्या कॅलरी साध्या बिस्किटाच्या शेजारी ठेवून पाहा.
- माल्टिटॉल, सॉर्बिटॉल: शुगर फ्री मिठाई आणि चॉकलेटमध्ये हे असतात. यांत कॅलरी साखरेपेक्षा कमी असतात, पण शून्य नसतात. जास्त खाल्लं तर पोट बिघडतं.
- ‘पर सर्व्ह’ आणि ‘पर १०० ग्रॅम’: दोन पाकिटांची तुलना करायची तर नेहमी १०० ग्रॅमचे आकडे घ्या. ‘एक सर्व्ह’ म्हणजे दोनच बिस्किटं असू शकतात.

मग करायचं काय?

रोज चार कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, असा हिशोब धरा. ५ ग्रॅमचा चमचा धरला तर ४० ग्रॅम साखर झाली, म्हणजे १६० कॅलरी. डब्ल्यूएचओच्या मते २,००० कॅलरी खाणाऱ्याने वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि जमलं तर २५ ग्रॅमच्या. म्हणजे २५ ग्रॅमची मर्यादा चहातच ओलांडली.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय कुठल्याच अ‍ॅपवर विकत मिळत नाही. दर आठवड्याला कपामागे पाव चमचा साखर कमी करा. एकदम बंद केली तर चहा नकोसा होतो, पण हळूहळू कमी केली तर जिभेला सवय होते. महिनाभरात तुमची रोजची साखर अर्धी झालेली असेल.

विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हात घसा कोरडा पडला तर पाणी, ताक किंवा कमी साखरेचं लिंबू सरबत आधी घ्या. रोज साधं कोल्ड्रिंक पिण्याची सवय असेल तर ती सोडताना झीरो शुगरचा आधार घ्यायला हरकत नाही. पण तो तात्पुरता असू द्या. लहान भावंडांना मात्र याची सवय लावू नका.

थोडक्यात सांगायचं तर

- स्वीटनर साखर काढतं, भूक आणि सवय काढत नाही.
- साखरेच्या जागी घेतलं आणि बाकी खाणं वाढलं नाही, तर थोडा फायदा होतो.
- ‘झीरो आहे’ म्हणून वरून काही खाल्लं, तर फायदा गेला.
- डायबिटीस असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बदल करावा.

घरात आत्ता एखादं ‘शुगर फ्री’ पाकीट असेल तर मागची बाजू वाचून बघा आणि त्यात कुठला आयएनएस नंबर निघाला ते कमेंटमध्ये सांगा. माहिती आवडली तर घरच्या ग्रुपवर नक्की शेअर करा!