लाइट गेली आणि फाइल शून्य झाली

मे महिन्यातली संध्याकाळ, वळीव यायच्या बेतात. शेजारच्या मुलीचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चार दिवसांवर आलेला. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे तो कायम चार्जरवर चालायचा. वीज कडाडली, लाइट गेली आणि स्क्रीन काळी झाली. अर्ध्या तासाने लाइट आली तेव्हा ती लॅपटॉप छातीशी धरून आमच्या दारात उभी होती. "काका, फाइल आहे हो, पण आत काहीच नाही."

फाइल खरंच होती. नाव तेच, आकारही तोच, जवळजवळ १४ केबी. पण व्हीएस कोड हा तिचा एडिटर ती उघडायला तयार नव्हता. ही मजकुराची फाइल दिसत नाही, असं म्हणत होता. नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडली तर काळ्या चौकोनांच्या ओळीच्या ओळी दिसल्या आणि प्रत्येक चौकोनात 'नल' लिहिलेलं. नल म्हणजे शून्य किमतीचा बाइट. चौदा हजार बाइट आणि सगळे शून्य.

"मी तर सेव्ह केलं होतं," ती म्हणाली. तिने केलंच होतं. पण कंट्रोल-एस दाबल्यावर मजकूर लगेच डिस्कवर जात नाही. एडिटर तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली करतो आणि सिस्टिम तो आधी रॅममध्ये ठेवते. डिस्क रॅमपेक्षा फार हळू असते, म्हणून अशी बरीच कामं साठवून ती एकदम उतरवली जातात. लिनक्सच्या मूळ मांडणीत मजकूर असा साधारण ३० सेकंद थांबू शकतो. विंडोजमध्येही काही काळ जातोच. तेवढ्यात लाइट गेली तर रॅममधलं सगळं पुसलं जातं.

मग फाइल गायब का होत नाही, शून्यांनी का भरते? विंडोजची फाइली साठवण्याची एनटीएफएस ही व्यवस्था एक जर्नल ठेवते. कोणती फाइल कुठे आहे, किती लांब आहे, ही नोंद त्यात आधी होते. मजकुराची नोंद त्यात नसते. म्हणजे सातबाऱ्यावर क्षेत्र चढलं, पण पेरणी झालीच नाही. जिथे अजून काही लिहिलेलं नाही तिथे सिस्टिम वाचणाऱ्याला शून्यं दाखवते, नाहीतर त्या जागी पूर्वी असलेला दुसऱ्या कुणाचा मजकूर दिसून जाईल. लिनक्समध्ये २००९ साली हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. नव्या एक्स्ट-फोर व्यवस्थेत मशीन अचानक बंद पडलं की फाइली चक्क शून्य बाइटच्या होऊ लागल्या. कारण ती व्यवस्था मजकुराला डिस्कवर जागा देण्याचं काम शक्य तितकं पुढे ढकलायची. ती लिहिणाऱ्यांपैकी थिओडोर त्सो यांनी तेव्हा सविस्तर खुलासा केला, आणि जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवण्याच्या नेहमीच्या पद्धतीला कर्नल २.६.३० पासून संरक्षण मिळालं.

तिला मी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की आता काहीही सेव्ह करायचं नाही. एडिटर बंद. प्रोजेक्ट 'रन' करून बघायचा नाही. आधी प्रोजेक्टचं पूर्ण फोल्डर, कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटच्या लपवलेल्या 'डॉट गिट' फोल्डरसकट, पेनड्राइव्हवर कॉपी करायचं. नीट होईल या आशेने केलेली एखादी कमांडच अनेकदा उरलेला पुरावा पुसून टाकते. बिघडलेली का होईना, प्रत हातात असली की पुढचं सगळं निर्धास्त करता येतं. विंडोज डिस्क तपासू का विचारत असेल तर तेही कॉपीनंतरच. ती तपासणी डिस्कवरच्या नोंदी जुळवते, गेलेला मजकूर परत आणत नाही. डिलीट झालेल्या फाइली शोधणारी सॉफ्टवेअरंही लगेच इन्स्टॉल करत बसू नये. एसएसडीवर त्यांचा उपयोग क्वचितच होतो, आणि इन्स्टॉल करताना त्याच डिस्कवर नवं लिहिलं जातं ते वेगळंच.

मग आम्ही विचार असा केला: हाच मजकूर आणखी कुठे असेल? कोड सहसा एकाच जागी राहत नाही, हे फार थोड्या विद्यार्थ्यांना कुणी सांगितलेलं असतं. मार्च २०२२ च्या आवृत्तीपासून व्हीएस कोड प्रत्येक सेव्हची एक प्रत स्वतःकडे ठेवतो. यूजरच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये रोमिंग, त्यात कोड, त्यात यूजर आणि त्यात हिस्टरी. आत विचित्र नावांची फोल्डरं असतात. प्रत्येकात त्या फाइलच्या जुन्या प्रती आणि कोणती केव्हाची हे सांगणारी एक छोटी यादी. आम्ही तारखेप्रमाणे लावून बघितलं. शेवटची प्रत, अपेक्षेप्रमाणे, शून्यांनीच भरलेली, कारण तीही त्याच क्षणी लिहिली गेली होती. त्याआधीची अकरा मिनिटांपूर्वीची मात्र अक्षर न् अक्षर शाबूत. तिने ती बघितली आणि कितीतरी वेळाने खुर्चीला पाठ टेकवली.

पण गिटही बिघडलं होतं, आणि मला यातला सर्वांत सुंदर भाग तिथेच दिसतो. लाइट जायच्या आधीच्या मिनिटाभरात तिने पाठोपाठ दोन कमिट, म्हणजे गिटमध्ये कोडच्या दोन नोंदी, केले होते. आता कमांड दिली की गिट म्हणायचं, शाखा मोडलेली दिसते.

गिटची रचना समजली की ही दुरुस्ती हाताने करता येते. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये ते लिहिलं तेव्हापासून त्याचा गाभा तोच आहे: प्रत्येक फाइलचा मजकूर एका वस्तूच्या रूपात साठवायचा आणि त्या मजकुरावरूनच गणित करून तिला ४० आकडे-अक्षरांचं नाव द्यायचं. मजकूर एका अक्षराने बदलला की नाव पूर्ण बदलतं. मजकूर तोच असेल तर नाव तेच येतं, आज करा की वर्षाने. शाखा म्हणजे तर फक्त ४१ बाइटची फाइल, शेवटच्या कमिटचं नाव आणि एक नवी ओळ. तिच्या 'मेन' शाखेच्या फाइलीत ४१ शून्यं होती.

गिट शाखेच्या हालचालींची डायरीही ठेवतं, 'लॉग्ज' फोल्डरमधल्या 'हेड' नावाच्या फाइलीत. शेवटची ओळ शून्यांची, तिच्या वरची ओळ धड. त्या ओळीतलं दुसरं ४० अक्षरी नाव उचलून आम्ही शाखेच्या फाइलीत लिहिलं. दुसरा कमिट गेला, पहिला हाती लागला. मग 'गिट एफएससीके' चालवलं. ते साठ्यातली प्रत्येक वस्तू उघडून तपासतं. एक वस्तू खराब निघाली.

ती कोणत्या फाइलची, हे 'गिट एलएस-ट्री'ने कमिटमधली यादी काढून नाव जुळवल्यावर कळलं: लॉगिनच्या पानाची. आणि इथे एक गंमत झाली. ती फाइल तिने दुपारनंतर हातात घेतली नव्हती, म्हणून तिची मूळ प्रत डिस्कवर केव्हाच नीट उतरलेली होती. गिटच्या साठ्यातली प्रत मात्र कमिट करताना, म्हणजे लाइट जायच्या जरासं आधी लिहिली गेली, आणि तीच मेली. मूळ जिवंत असेल तर तिच्यापासून वस्तू पुन्हा घडवता येते. खराब वस्तू आधी बाजूला सरकवायची, कारण त्या नावाचं काही तिथे असेल तर गिट नवीन लिहीत नाही. मग 'गिट हॅश-ऑब्जेक्ट' ही कमांड लिहिण्याच्या पर्यायासह त्या फाइलवर चालवायची. स्क्रीनवर ४० अक्षरं उमटली. तिने यादीतलं नाव मोठ्याने वाचलं, मी स्क्रीनवरचं वाचलं. एक-एक अक्षर जुळत गेलं. मजकुराला तंतोतंत तोच आहे अशी ग्वाही देणारं यंत्र समोर असावं, याचा आनंद मला दर वेळी तितकाच होतो.

त्यानंतरचं काम किरकोळ. 'डॉट गिट'मधली 'इंडेक्स' ही यादीची फाइल बाजूला ठेवली आणि साधं 'गिट रीसेट' दिलं. ते ही यादी नव्याने बनवतं आणि आपल्या फाइलींना हात लावत नाही. 'हार्ड' हा शब्द मात्र त्यापुढे चुकूनही लावायचा नाही. तो लावला तर फाइलींतले बदल पुसले जातात. प्रोजेक्ट गिटहब या साइटवर चढवलेला असता तर हे सगळं न करता तिथून नवा क्लोन, म्हणजे पूर्ण प्रत, घेता आला असता, पण तिने तो एकदाही चढवला नव्हता.

दुसरी साधनं वापरणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये सोल्युशन उघडत नसेल तर अनेकदा दोष 'डॉट व्हीएस' या लपवलेल्या फोल्डरचा असतो. ते हलवलं की तो नवीन बनवून घेतो. सी-शार्पचा कोडच गेला असेल आणि आधी बिल्ड केलेलं असेल तर 'बिन' फोल्डरमधली डीएलएल आयएलस्पाय या साधनात उघडावी. कोड बराचसा परत मिळतो, कॉमेंट्स मिळत नाहीत. स्क्रॅच आणि ॲप इन्व्हेंटर यांच्या प्रोजेक्ट फाइली म्हणजे खरं तर झिप असतात. झिपची अनुक्रमणिका अगदी शेवटी असते, म्हणून शेपूट तुटलं की ती उघडत नाही. आतल्या फाइली मात्र सुरुवातीपासून वाचणाऱ्या झिप दुरुस्तीच्या साधनाने निघू शकतात.

त्या रात्री साडेदहाला 'गिट एफएससीके' पुन्हा चालवलं तेव्हा त्याने एकही चूक दाखवली नाही. गेली ती अकरा मिनिटांची भर, दोन फंक्शनं. ती तिने तिथेच आमच्या डायनिंग टेबलवर पुन्हा लिहिली, कमिट केली आणि त्याच वेळी गिटहबवर खातं उघडून सगळं चढवलं. बिघडलेल्या फोल्डरची पेनड्राइव्हवरची प्रत मी तोंडी परीक्षा होईपर्यंत पुसू दिली नाही.