भोगवर्धनची वाट – भाग ७ : बघायच्या जागा

गेल्या आठवड्यात आपण भोकरदनची, म्हणजे जुन्या भोगवर्धनची, हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहिली. केळणा नदीकाठच्या १९७३ च्या उत्खननात ती मोडक्या अवस्थेत सापडली, आणि तिच्याशी विलक्षण साम्य असलेली मूर्ती १९३८ सालीच इटलीत ज्वालामुखीने गाडलेल्या पाँपेईच्या राखेतून निघाली होती. आपल्या भागातली असावी अशी कारागिरी ज्या गावात पोचली, तिथले लोक सणावाराला कुठे जमत? आज त्या जागी जाऊ.

पाँपेईच्या आग्नेय कोपऱ्यात, तटाला टेकून एक लंबगोल मैदान आहे. इ.स.पू. ७० च्या सुमाराचं. आज उभ्या असलेल्या दगडी अँफीथिएटरांत हे सर्वांत जुनं, रोमच्या कलोसियमहून जवळजवळ दीडशे वर्षांनी थोरलं. ते बांधलं कसं, हे जालन्याच्या शेतकऱ्याला लगेच उमजेल. शेततळं खोदताना मधली माती काढून आपण भोवतीच्या बांधावर टाकतो, तसंच. खड्ड्याचा झाला आखाडा, बांधाच्या उताराची झाली बैठक. बांध ढासळू नये म्हणून बाहेरून कमानींची भिंत आणि तिला लागून वर चढणारे जिने. माणसं मावत सुमारे वीस हजार.

दोन अधिकाऱ्यांनी पदरच्या पैशाने ते बांधलं. त्यांच्या शिलालेखात अँफीथिएटर हा शब्दच नाही, आहे तो ‘स्पेक्टाकुला’, म्हणजे बघायच्या जागा. त्याआधी रोममध्ये ग्लॅडिएटर लढत ते अंत्यविधीच्या निमित्ताने, इ.स.पू. २६४ मध्ये चक्क गुरांच्या बाजारात. पुढे लाकडी माच्या आल्या. इ.स. २७ मध्ये फिदेनी गावची अशीच माची कोसळून हजारो माणसं चिरडली गेली.

पण खेळाइतकंच महत्त्व बसण्याला होतं. सम्राट ऑगस्टसने कायदाच केला : पुढे सरदार, सैनिक वेगळे, बायका अगदी वर. खाली वाळूवर मरणारे बहुतेक गुलाम आणि युद्धकैदी. या बांधकामाचं कौतुक करताना त्यांना विसरणं मला जमत नाही. खेळ भरवणारा पुढारी भिंतीवर जाहिरात रंगवून घेई : इतक्या जोड्या लढतील, वर सावलीला कनात असेल. लोक खूश, नाव मोठं.

हीच गर्दी इ.स. ५९ मध्ये उलटली. शेजारच्या नुकेरिया गावचे लोक खेळ बघायला आले होते. शिवीगाळ, मग दगड, मग तलवारी. नुकेरियाची कित्येक माणसं मेली. रोमच्या सिनेटने पाँपेईत दहा वर्षं असे खेळ बंद केले.

कोल्हापूरच्या खासबागेत कुस्ती बघायला बसलेल्याला पाँपेईची ही मातीची वाटी ओळखीची वाटेल. शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोपवारीत रोमचं मैदान पाहिलं, आणि १९१२ मध्ये खासबाग उभी राहिली. मधे हौदा, भोवती चढत गेलेली जमीन. तिथे मात्र चितपट झालेला मल्ल उठतो, अंगावरची माती झटकतो.

इ.स. ५९ च्या त्या मारामारीचं भित्तिचित्र पाँपेईतल्या एका घरात सापडलं. जिन्यावर एकमेकांना भिडलेली माणसं, वर ताणलेली कनात, आणि बाहेर झाडांखाली, आपल्या जत्रेत असतात तशी, विक्रेत्यांची पालं. ते चित्र आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. भोकरदनच्या मूर्तीची ती हस्तिदंती बहीणही त्याच इमारतीत आहे.