यूवाचून क्यू

आमच्या वेळी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचे. पहिल्याच महिन्यात गुरुजींनी फळ्यावर लिहिलेला एक नियम मला अजून आठवतो. क्यू हे अक्षर एकटे येत नाही, त्याच्या पाठोपाठ यू यायचाच. क्वीन, क्विक, क्वेश्चन, क्वार्टर. कुठलाही शब्द घ्या. पुढे शहरात नोकरीला लागलो. साहेबांसमोर इंग्रजी बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडायची. काळ चुकेल, स्पेलिंग चुकेल अशी धास्ती असायची. अशा माणसाला एखादा पक्का नियम फार मोठा आधार वाटतो.

तो आधार गेल्या दिवाळीत सुटला. नातीबरोबर मी स्क्रॅबल खेळत होतो. या खेळात अक्षरांच्या सोंगट्या असतात. प्रत्येकाने सात घ्यायच्या आणि पटावर आडवे-उभे शब्द जुळवायचे. प्रत्येक अक्षराचे गुण ठरलेले. डाव संपत आला होता. माझ्याकडे क्यू अडकून पडला होता आणि यू एकही नव्हता. डाव संपताना क्यू हातात राहिला, तर दहा गुण वजा होतात. पटावर एक ‘आर’ मोकळा दिसला. मला एकदम लहानपणी मोरपिसांचा कुंचा घेऊन दारावर येणारा फकीर आठवला. मी गमतीने ‘आर’च्या आधी चार अक्षरे लावली : एफ, ए, क्यू, आय. झाला फकीर!

नात म्हणाली, ‘‘आजोबा, हे नाही चालणार. हा आपला शब्द आहे, इंग्रजी नाही. आणि क्यूनंतर यू कुठाय?’’ तिचे दोन्ही मुद्दे मलाही पटले. तरी आम्ही शब्दयादी उघडली. फकीर तिथे होता, अगदी त्याच स्पेलिंगने! मला सतरा गुण मिळाले. नातीचे तोंड एवढेसे झाले. मला मात्र रात्री झोप येईना. पाचवीतला नियम खोटा होता की काय?

मग मी नादालाच लागलो. पाच अक्षरांचे, क्यू असलेले, पण क्यूच्या पाठीला यू नसलेले शब्द शोधू लागलो. उत्तर अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी स्क्रॅबलसाठी कॉलिन्सची शब्दयादी वापरतात. त्या यादीत काय काय सापडले बघा. बुरखा म्हणजे ‘बर्का’, नकाब, तलाक, कोरमा. जणू आपल्याच गावच्या बाजारातून फेरी मारून आलो! याखेरीज काही दूरचे पाहुणेही भेटले. ‘ऊमियाक’ ही ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची कातड्याची नाव. ‘ट्रँक’ हे मन शांत करणाऱ्या औषधाचे तोकडे केलेले नाव.

आता प्रश्न असा, की हे शब्द असे यूवाचून का लिहितात? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. जुन्या इंग्रजीत क्वीन हा शब्द ‘सी’ आणि ‘डब्ल्यू’ने सुरू होत असे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यांच्याबरोबर फ्रेंच वळणाचे लेखनिक आले आणि त्यांनी क्यू-यू ही जोडी रूढ केली. म्हणजे गुरुजींचा नियम हा मुळात या लेखनिकांचा नियम.

अरबी-फारसीतली गोष्ट वेगळी. अरबीत ‘क’साठी दोन अक्षरे आहेत. एक आपला साधा ‘क’, त्याला काफ म्हणतात. दुसरा घशातून खोल उच्चारायचा, तो क़ाफ. युरोपातल्या अभ्यासकांनी हे शब्द रोमन लिपीत लिहायला घेतले तेव्हा काफसाठी ‘के’ वापरला आणि क़ाफसाठी क्यू. इथे यूचा संबंधच नाही. आणखी गंमत म्हणजे रोमन क्यू आणि अरबी क़ाफ हे मुळात भाऊबंदच. दोघेही प्राचीन फिनिशियन लिपीतल्या एकाच अक्षरापासून निघालेले. एक ग्रीसवरून रोमला गेला, दुसरा अरबस्तानात राहिला.

आपण मराठी माणसांनी हा भेद कधीच सोडून दिला. फकीर, काजी, कबूल, तलाक हे सगळे आपण एकाच ‘क’ने लिहितो. बुरख्याचा तर आपण ‘ख’ केला.

या यादीतल्या एका शब्दाने मला फार आनंद दिला. क्यू, ए, एन, ए, टी : ‘कनात’. आपली तंबूची कनात नव्हे. ही कनात म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारा बोगदा. इराणात ही पद्धत फार जुनी. डोंगरपायथ्याचे पाणी हलक्या उताराच्या बोगद्यातून गावापर्यंत आणायचे. मध्ये मध्ये हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी उभे झरोके ठेवायचे. पाणी उपसायला मोट नको की रहाट नको. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली नहर-ए-अंबरी याच तत्त्वावरची. तो शब्द मला इंग्रजी शब्दयादीत भेटला.

स्क्रॅबल हा खेळ अमेरिकेतल्या आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाने १९३०च्या दशकात, मंदीत काम नसताना रचला. कोणते अक्षर किती वेळा येते, हे त्याने वर्तमानपत्रांची पाने घेऊन मोजले. ‘ई’ फार येतो, म्हणून त्याच्या १२ सोंगट्या आणि गुण अवघा १. क्यू क्वचित येतो, म्हणून त्याची सोंगटी एकच आणि गुण १०. यूच्या सोंगट्या चारच. म्हणून क्यू हाती आला की खेळाडू धास्तावतो. अशा वेळी फकीर, तलाक, नकाब हे शब्द त्याला वाचवतात, आणि आपल्याला तर ते पाठ करावे लागत नाहीत.

गुरुजींवर माझा राग नाही. पाचवीच्या मुलाला शंभरातल्या नव्याण्णव वेळा उपयोगी पडेल, तेच त्यांनी सांगितले. नातीलाही मी बजावले आहे, की परीक्षेत फकीर ‘के’नेच लिही, तेच स्पेलिंग जास्त रूढ आहे. पण ‘हा आपला शब्द आहे, इंग्रजी नाही’ असे ती आता म्हणत नाही. परवा तिने फोनवर विचारले, ‘‘आजोबा, कव्वाली असेल का हो त्यात?’’ मी यादी पाहिली. आहे! क्यूनेच सुरू होते. पण अक्षरे सात. ती एका दमात लावली, तर वर पन्नास गुण जादा मिळतात. आता त्या संधीची वाट आम्ही दोघेही बघतो आहोत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)